माल आपला, कुलूप दुसऱ्याचे

भिवंडीच्या कापडबाजारात आमची तीस वर्षे गेली. ताका उलगडून उजेडाकडे धरल्याशिवाय आम्ही कधी सौदा केला नाही. डाग, तुटलेला धागा, कमी भरलेला पन्हा, सारे पैसे मोजण्यापूर्वी नजरेने टिपावे, ही आमच्या वडिलांची शिकवण. असे असताना गेल्या वर्षी एका जुन्या टॅबलेटच्या खरेदीत आम्ही साफ फसलो. हसे व्हायचे ते झाले. पण त्यातून जे शिकलो ते व्यापारी व कारागीर बंधूंच्या कानावर घालणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. कारण जुने मोबाईल आणि टॅबलेट आज प्रत्येक मोहल्ल्यात विकले जातात. त्यात घेणाराही आपला असतो आणि विकणाराही आपलाच.

हकिकत अशी. बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना डिझाइन दाखवण्यासाठी दुकानात मोठ्या पडद्याचे यंत्र हवे होते. नव्या आयपॅडची किंमत ऐकून आम्ही जुन्याच्या शोधात निघालो आणि ११ हजार रुपयांत सौदा ठरला. दुकानदाराने यंत्र चालू करून दाखवले. काच स्वच्छ, बॅटरी ठीक, पडद्यावर 'हॅलो' अशी अक्षरे उमटलेली. "शेठ, एकदम कोरा करून दिलाय. घरी जाऊन फक्त तुमचे नाव टाका," असे तो म्हणाला. आम्ही पावतीही मागितली नाही. कापडात असे आम्ही कधी केले नसते.

रात्री भाच्याने घरच्या वाय-फायला यंत्र जोडले आणि दोन मिनिटांत म्हणाला, "मामू, हा तर लॉक आहे. पहिल्या मालकाचा ईमेल आणि पासवर्ड मागतोय." आमचे शिक्षण उर्दू माध्यमात, ताळेबंद आजही वहीत. 'लॉक' म्हणजे चार आकडी नंबर विसरला असेल, उद्या कोणीतरी खोलून देईल, असे आम्हाला वाटले. पण हे कुलूप निराळे आहे.

अ‍ॅपल कंपनीने २०१३ साली आपल्या यंत्रांत ही व्यवस्था आणली. मालकाने 'फाइंड माय' ही सोय चालू ठेवली, की ते यंत्र त्याच्या खात्याशी बांधले जाते आणि त्याची नोंद कंपनीच्या सर्व्हरवर राहते. यंत्र कितीही वेळा कोरे केले तरी इंटरनेटला जोडताच ते कंपनीला विचारते की आपण कोणाचे, आणि जुन्या मालकाचे नाव निघाले की अडून बसते. अँड्रॉइडमध्ये गुगलने असेच कुलूप २०१५ साली आणले. तिथे कोऱ्या केलेल्या यंत्रावर आधीचेच गुगल खाते मागितले जाते. काही टॅबलेट कंपनी, कार्यालय किंवा शाळेच्या ताब्यातले असतात. ते पुसल्यावर पुन्हा त्या संस्थेच्या बंधनात जातात.

हे कुलूप वाईट आहे का? आम्हाला तसे वाटत नाही. चोराला चोरलेला माल वापरता येऊ नये, म्हणून ते केले आहे. आपल्या मुलाचा मोबाईल लोकलच्या गर्दीत गेला तर हेच कुलूप आपल्या कामी येते. दोष कुलपाचा नाही. कुलूप न काढता माल विकणाऱ्याचा आहे आणि न तपासता घेणाऱ्याचाही आहे.

दुसऱ्या दिवशी आम्ही यंत्र घेऊन त्या दुकानदाराकडे गेलो. कोणाकडून घेतले ते आठवत नाही, असे त्याने सांगितले. वर सल्ला दिला, की दोन हजार रुपयांत 'बायपास' करून देणारा एक माणूस आहे, त्याच्याकडे जा. येथेच आमचे खरे म्हणणे सुरू होते.

अशी पळवाट आम्ही घेतली नाही. एक तर ती पक्की नसते. काही जुन्या मॉडेलवर ती चालते, पण यंत्र पुन्हा कोरे केले की बहुधा कुलूप परत येते. दुसरे कारण मोठे आहे. जो मालक सापडत नाही, ज्याचे बिल नाही, त्याचे कुलूप आपण तोडतो आहोत, म्हणजे नेमके काय करतो आहोत? माल चोरीचा असल्याचे माहीत असताना किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे जवळ ठेवणे हा १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची. दोन हजार वाचवायला जाऊन पोलीस ठाण्याच्या पायऱ्या चढाव्या लागल्या, तर तीस वर्षांचे नाव एका दिवसात धुळीला मिळते.

कायदा घेणाऱ्याच्या बाजूनेही आहे, हे कमी लोकांना ठाऊक असते. मालविक्रीचा कायदा १९३० चा. त्याच्या कलम १४ प्रमाणे माल विकण्याचा हक्क आपल्याला आहे आणि घेणाऱ्याला तो निर्वेधपणे वापरता येईल, अशी हमी विकणारा न बोलताही देत असतो. कलम २७ सांगते, की एरवी विकणाऱ्याचा जेवढा हक्क, त्याहून जास्त घेणाऱ्याला मिळत नाही. मात्र ही हमी वसूल करायला हातात कागद लागतो, आणि तोच आमच्याकडे नव्हता. अखेर दोन माणसे मध्ये घालून दुकानदाराने यंत्र परत घेतले व साडेसहा हजार दिले. उरलेले साडेचार हजार आम्ही शिकवणीची फी समजलो.

गोष्ट येथे संपली असती तर हा लेख आम्ही लिहिला नसता. या भानगडीत भाच्याने आमचे स्वतःचे खाते उघडून पाहिले. त्यात आमचा जुना टॅबलेट अजून आमच्याच नावावर दिसत होता. तो आम्ही आठ महिन्यांपूर्वी एका दलालाला दिला होता. फोटो पुसले, यंत्र कोरे केले, पैसे घेतले आणि विसरलो. खाते काढायचे असते हे आम्हाला माहीत नव्हते. म्हणजे ज्या दुकानदाराला आम्ही भरबाजारात बोल लावले, तेच काम आम्हीही केले होते.

दलालाला गाठले. त्याने तो टॅबलेट सायझिंगमधल्या एका कामगाराला चार हजारांना विकला होता. कामगाराची मुलगी बारावीला होती, तिच्या अभ्यासासाठी. आम्ही त्याच्या घरी गेलो. टॅबलेट कपाटात कपड्यांखाली ठेवलेला होता. "शेठ, बिघडलेला निघाला, आमचे नशीब," तो म्हणाला. तक्रार का केली नाही, असे विचारल्यावर तो गप्प राहिला. आठवड्याच्या पगारातून जमवलेले चार हजार त्याने नशिबाच्या खात्यावर लिहून टाकले होते. भाच्याने तिथेच आमच्या खात्यातून तो टॅबलेट काढून टाकला आणि काही मिनिटांत कुलूप सुटले. मुलीची परीक्षा मात्र होऊन गेली होती. चार हजार आम्ही त्याच्या हातात ठेवले. तो घेत नव्हता, आम्ही आग्रहाने दिले.

माल विकताना त्यातला ऐब सांगावा, हे आपल्याला लहानपणापासून शिकवले जाते. फाटका ताका चांगल्यात दडवणे आपण ऐब समजतो. मग खाते न काढता टॅबलेट विकणे हाही ऐबच आहे, फक्त तो उजेडाकडे धरून दिसत नाही. आमचे मत असे, की पैसे दिले-घेतले म्हणून जुन्या यंत्राचा सौदा पुरा होत नाही. जुने खाते निघते आणि नवे चढते, तेव्हाच तो पुरा होतो. घराची विक्री जशी चावी आणि कागद दोन्ही दिल्याशिवाय होत नाही, तसेच हे समजावे.

म्हणून विकणाऱ्यांना आमची विनंती आहे. आधी आपले फोटो, हिशेब दुसरीकडे उतरवून घ्या. मग सेटिंगमध्ये जाऊन खात्यातून बाहेर पडा आणि त्यानंतर यंत्र कोरे करा. हा क्रम उलटू नका. अ‍ॅपलचे यंत्र विकून झाले असेल आणि खाते राहिले असेल, तर घरबसल्या आपल्या खात्यात जाऊन ते काढता येते. अँड्रॉइडमध्ये कुलूप अडले तर बहुधा समोर बसून स्वतःचे खाते टाकूनच ते सोडवावे लागते. मात्र आपला पासवर्ड कोणालाही सांगू नका, आणि घेणाऱ्यानेही तो मागू नये.

घेणाऱ्यांनी पैसे देण्यापूर्वी आपल्या मोबाईलचे इंटरनेट जोडून यंत्र शेवटच्या पायरीपर्यंत चालू करून बघावे. 'हॅलो' दिसले म्हणजे माल चोख, असे समजू नये. दुकानात इंटरनेट नाही असे कोणी म्हणाला, तर उद्या येतो म्हणावे. मूळ खरेदीच्या बिलाची प्रत मागावी. कुलूप काढून देण्यासाठी अ‍ॅपल कंपनीही खरेदीचा पुरावा मागते. सिमचे यंत्र असेल तर *#०६# दाबून त्याचा पंधरा आकडी नंबर काढावा आणि इंग्रजीत के-वाय-एम लिहून, जागा सोडून, तो नंबर १४४२२ वर पाठवावा. सरकारच्या नोंदीत तो बंद केलेला आहे का, ते कळते. नुसत्या वाय-फायच्या टॅबलेटला असा नंबर नसतो, म्हणून तिथे बिल जास्त महत्त्वाचे.

जुन्या मालाची दुकाने चालवणाऱ्या बंधूंनी तर ही रीतच पाडावी. प्रत्येक पावतीवर यंत्राचा सिरीयल नंबर, विकणाऱ्याचे नाव, आणि 'जुन्या खात्याचे लॉक निघाल्यास माल परत' ही एक ओळ. एवढ्याने गिऱ्हाईक कमी होणार नाही, उलट लांबून येईल. बाजारात ऐतबार हीच पुंजी असते, आणि ती एकदा गेली की व्याजाने मिळत नाही.

आज रात्री दुकान बंद केल्यावर वाचकांनी एवढे करावे. आपल्या खात्यात जाऊन तेथे कोणकोणती यंत्रे नोंदलेली आहेत ते पाहावे. स्वतःला जमत नसेल तर घरातल्या मुलांना सांगावे. विकून टाकलेले एखादे यंत्र त्यात दिसले तर ते काढावे. कोण जाणे, कोणाच्या तरी कपाटात ते कपड्यांखाली पडले असेल.