छप्पर तटस्थ नसतं

अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये एक तक्रार नेहमीची: उत्तरेकडच्या उघड्या मैदानावरची थंडी हा यजमानांचा अन्यायी फायदा आहे, मोठे सामने छपराखाली घ्या म्हणजे तटस्थ होतील. मला हे साफ अमान्य आहे. सिरॅक्यूज विद्यापीठाचा डोम १९८० पासून उभा आहे. आत बर्फ नाही, वारा नाही. पण प्रेक्षकांचा गोंगाट छपरावर आदळून परततो आणि पाहुण्यांना आपल्याच क्वार्टरबॅकची हाक ऐकू येत नाही. हा फायदा नव्हे काय?

२०२४ साली प्लेऑफ १२ संघांचा झाला. पहिल्या फेरीचे चारही सामने यजमानांच्या मैदानावर झाले, चारही यजमान जिंकले. त्यांत ऊबदार ऑस्टिनचा टेक्सासही होता. मग दोष एकट्या थंडीचा कसा?

त्यापुढच्या फेऱ्या मात्र ऊबदार शहरांत किंवा छपराखाली झाल्या. कोलंबसच्या थंडीत टेनेसीला हरवणारा ओहायो स्टेट अटलांटात, छपराखालीच, अजिंक्य ठरला. म्हणजे उत्तरेने दक्षिणेत जाऊन जिंकून दाखवायचं आणि दक्षिणेला उत्तरेची थंडी नको! याला न्याय म्हणत नाहीत. पुढची फेरीही क्रमवारीत वरच्या संघाच्या मैदानावर खेळवा. हंगामभर जिंकून कमावलेला हक्क हवामानाच्या नावाखाली हिरावू नका.