आधी वय विचारा, मग जाळं टाका

शेतकरी बंधूंनो, तलावात सोडलेलं रोहू-कटल्याचं बोटुकलं नीट खाद्य मिळालं तर वर्षभरात किलोच्या घरात जातं. म्हणून आपण दरवर्षी जाळं ओढतो आणि दरवर्षी नवं बी सोडतो. हिशेब सरळ आहे. पण हाच हिशेब खोल समुद्राच्या तळाला लावला तर काय होतं, याचा धडा न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियाला मिळाला आहे. तो आपणही समजून घ्यावा असा आहे.

तिथल्या समुद्रात ऑरेंज रफी नावाचा मासा आहे. दीड वीत लांब, मोठ्या हाडकुळ्या डोक्याचा, अंगाने विटकरी लाल. मेल्यावर तो नारिंगी पडतो, त्यावरूनच हे नाव. तो राहतो साधारण ५०० ते १५०० मीटर खोल, तळालगत. तिथे ऊन पोचत नाही आणि पाणी बर्फगार असतं. कोळंबी, माकूल, लहान मासे मिळतील तसे खायचे, एवढाच त्याचा संसार. थंडीत आणि अंधारात वाढ कशी होणार? अगदी संथ.

एरवी विखुरलेला हा मासा अंडी घालायच्या हंगामात मात्र पाण्याखालच्या डोंगरांभोवती दाटी करतो. नेमकं हेच त्याला नडलं. १९७०च्या दशकाच्या अखेरीस न्यूझीलंडच्या ट्रॉलरना या जागा सापडल्या. पांढऱ्या, मऊ मांसाला अमेरिकेत गिऱ्हाईक मिळालं. एकेका ओढीत टनावारी मासा येऊ लागला. १९८८-८९च्या हंगामात एकट्या न्यूझीलंडने ५० हजार टनांहून जास्त मासा काढला. १९८९मध्ये टास्मानियाजवळ सेंट हेलेन्स नावाच्या बुडालेल्या डोंगरावर असाच साठा सापडला, आणि तिथेही झुंबड उडाली.

सुरुवातीला तज्ज्ञांचा समज होता, की हा मासाही इतर माशांसारखा काही वर्षांत तयार होतो. पकडीचे कोटे त्याच अंदाजावर ठरले. माशाच्या कानात चुनखडीसारखा बारीक खडा असतो; झाडाच्या खोडात असतात तशी वलयं त्यात दिसतात. ती मोजली, शिवाय १९९१मध्ये खड्यातल्या रेडियम आणि शिशाच्या प्रमाणावरून वय तपासलं, तेव्हा डोळे उघडले. हा मासा शंभर वर्षांहून जास्त जगतो. अंडी घालायला लागतो तोच तिशीच्या आसपास! म्हणजे जाळ्यात आलेली कित्येक मासळी पकडणाऱ्याच्या आजोबांच्या वयाची होती.

तोवर उशीर झाला होता. न्यूझीलंडला चॅलेंजर पठारावरची पकड २००० साली बंद करावी लागली. ऑस्ट्रेलियाने २००६मध्ये या माशाला संरक्षणाच्या यादीत घातलं. जाळ्यांनी त्या डोंगरांवरची शेकडो वर्षांची पोवळीही मोडली, ती वेगळीच. पुढे काही ठिकाणी साठा थोडा सावरला, आणि कोटा आवळून पकड पुन्हा सुरू झाली. पण एक पिढी वाया गेली ती गेलीच.

यात कुणी चोरी केली नव्हती, बरं का. परवाने होते, कोटे होते, कागद चोख होते. चुकलं एवढंच, की माल किती आहे हे मोजलं, पण तो किती वर्षांत पुन्हा भरतो हे आधी विचारलं नाही. व्याज समजून मुद्दल खाल्लं.

सरपंच, ग्रामसेवक मंडळी, गावचा तलाव, गायरानातली झाडं, बोअरचं पाणी यांचा विषय सभेत निघेल, तेव्हा लिलावाची बोली पुकारण्याआधी हा एक प्रश्न इतिवृत्तात नोंदवून घ्या: हे पुन्हा भरायला किती वर्षं लागतात? उत्तर मिळेपर्यंत हात आखडता ठेवला, तर कुणाचं बिघडत नाही.