संकेतस्थळाचा सौदा आणि मुदत

ईदचे कपडे ईदच्या दुसऱ्या दिवशी शिवून मिळाले तर त्यांचा उपयोग काय? शिंप्याला हे समजते, म्हणून हातात पुरेसे काम आले की तो नवे माप घेणे बंद करतो. संकेतस्थळे बनवून देण्याच्या धंद्यात मात्र ही शिस्त अजून रुजलेली नाही. सौदा झटपट होतो आणि माल हाती पडेपर्यंत हंगाम निघून जातो.

आंबोलीचेच उदाहरण घ्या. सावंतवाडी-बेळगाव मार्गावरच्या या घाटमाथ्यावर वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पर्यटकांची खरी गर्दी पावसाळ्यातच होते. तिथल्या एखाद्या लॉजवाल्याने मार्चमध्ये ऑर्डर दिली आणि संकेतस्थळ ऑक्टोबरात सुरू झाले, तर त्याचे वर्ष वाया गेले.

आज बहुतेक संकेतस्थळे कंटेंट मॅनेजमेंट सिस्टीमवर उभी राहतात. त्यामुळे दर, फोटो, मजकूर मालकाला स्वतःच बदलता येतो. 2003 साली आलेली वर्डप्रेस ही त्यातली सर्वाधिक वापरली जाणारी प्रणाली फुकट मिळते आणि तासाभरात बसवता येते. याच बळावर विक्रेता 'आठ दिवसांत देतो' म्हणतो. पण प्रणाली बसवणे म्हणजे दुकानात फळ्या ठोकणे. माल मांडणे बाकीच असते. खोल्यांचे फोटो, भाडेपत्रक, मराठी व इंग्रजी मजकूर, ऑनलाईन पैसे घेण्यासाठी बँकेची कागदपत्रे, हे सारे ग्राहकाकडून यायचे असते. आठवडे जातात ते इथे. त्यात मध्येच नव्या मागण्या निघतात आणि मुदत मात्र जुनीच धरली जाते.

मोठ्यांचीही यातून सुटका नाही. बीबीसीने 2008 मध्ये आपला चित्रसंग्रह संगणकावर हाताळणारी यंत्रणा बनवण्याचे कंत्राट सीमेन्सला दिले. 2009 मध्ये ते संपुष्टात आले व बीबीसीने काम स्वतःकडे घेतले. अखेर सुमारे 9 कोटी 84 लाख पौंड गमावून मे 2013 मध्ये ते बंद केले. तंत्राकडे लक्ष दिले, पण माणसांच्या कामाची पद्धत बदलण्याकडे दिले नाही, असा निष्कर्ष नंतरच्या चौकशीत निघाला.

दोष दोघांचाही असतो, पण आमच्या मते विक्रेत्याचा अधिक; कारण वेळ कुठे जातो हे त्याला आधीपासून ठाऊक असते. आपली अनेक तरुण मुले आज या धंद्यात आहेत. त्यांनी सौद्याच्या दिवशीच दोन तारखा लिहून द्याव्यात: ग्राहकाने मजकूर देण्याची आणि त्यानंतर आपण काम देण्याची. नवी मागणी आली तर नवी तारीख आणि नवा दर ठरवावा.

व्यापारी बांधवांनीही सगळे पैसे आगाऊ देऊ नयेत, कामाच्या टप्प्यांप्रमाणे द्यावेत. संकेतस्थळाचे नाव स्वतःच्याच नावावर नोंदवावे. हंगामाआधी काम मिळणे हीच कराराची मुख्य अट आहे, असे स्पष्ट लिहून घ्यावे. तसे असेल तर मुदत चुकल्यावर करार रद्द करण्याचा हक्क 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 55 देते.

सावंतवाडीच्या चितार आळीतला खेळणी बनवणारा कारागीर रंग ओला असताना खेळणे गिऱ्हाइकाच्या हातात देत नाही. संगणकावरच्या कारागिरानेही खरी मुदत सांगावी. ती ऐकून एखादे गिऱ्हाईक परत जाईल, पण जे थांबेल ते पुढच्या वर्षीही येईल.