नाशिककराचे एमएसडब्ल्यू
समाजकार्याची पदव्युत्तर पदवी, म्हणजे एमएसडब्ल्यू, दोन वर्षांची असते आणि कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येते. या विषयाचे औपचारिक शिक्षण देशात १९३६ मध्ये मुंबईत, आजच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत सुरू झाले आणि तिथल्या पदवीचे वजन अजून टिकून आहे. तरीही नोकरी नाशकातच करायची असेल त्याने शिक्षणही नाशकातच घ्यावे. या पदवीचा जीव वर्गात नसून क्षेत्रकार्यात असतो: वस्तीत, रुग्णालयात, कारखान्यात जाऊन केलेले काम आणि त्याचे कंटाळवाणे वाटणारे अहवाल. मराठा विद्या प्रसारक समाजाच्या समाजकार्य महाविद्यालयातून पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर फिरलेल्या विद्यार्थ्याला ग्रामसेवक, आशाताई आणि एसटीचे वेळापत्रक पदवीआधीच पाठ होते. विशेषीकरण मात्र गाव पाहून निवडावे. सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींमुळे कामगार कल्याणाला इथे अर्थ आहे. १९४८च्या कारखाने अधिनियमापासून मोठ्या कारखान्यांना कल्याण अधिकारी नेमावाच लागतो. आदिवासी विकास आयुक्तालयही नाशकातच असल्याने समुदाय विकासाचा मार्गही मोकळा आहे. २०१३च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे २ टक्के सामाजिक कामावर खर्च करायला लावले, त्यातून संस्थांमध्ये प्रकल्प समन्वयकाची पदे निघतात. ती बहुधा कंत्राटी असतात, म्हणून हिशेब आणि प्रस्तावलेखन पहिल्याच वर्षी शिकून घ्यावे.