काचेवरचा अंगठा

पंडितहो, तुमच्या शास्त्रात 'सहमती' नावाचा एक शब्द आहे. त्याचा हिशोब आज आम्ही मागतोय.

जानेवारी २०१२. फेसबुक कंपनीनं आठवडाभर ६,८९,००३ माणसांच्या मनाशी खेळ केला. काहींच्या पडद्यावरून आनंदाच्या पोस्टी कमी केल्या, काहींच्या पडद्यावरून दुःखाच्या. मग ही माणसं स्वतः काय लिहितात, त्यातले हसरे-रडके शब्द यंत्रानं मोजले. एकालाही विचारलं नाही. त्यात कोण आधीच जिवावर उदार होऊन बसला होता, ते कुणी बघितलं? गिरणीत आमचा घाम मोजतात, पण महिन्याला मजुरी तरी हातावर टेकवतात. इथं दुःख मोजलं आणि मोजलं हेसुद्धा सांगितलं नाही.

जून २०१४ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या नियतकालिकात निबंध आला आणि बोंब झाली. निबंधात लिहिलेलं: खातं उघडताना अटी मान्य केल्या, तीच सहमती. पण त्या अटींत 'संशोधन' हा शब्द घुसवला मे २०१२ मध्ये. प्रयोग उरकून चार महिन्यांनी! कॉर्नेल विद्यापीठाच्या समितीनं हात झटकले: माहिती कंपनीनं गोळा केलीय, आम्ही तपासायचं कारण नाही. नियतकालिकानं जुलैत 'चिंता' छापली. निबंध जागेवरच राहिला.

हा धंदा आम्हाला नवा नाही. सावकार कोऱ्या कागदावर अंगठा घ्यायचा, मजकूर मागनं लिहायचा. आता काचेवर घेतात, एवढंच.

सहमतीचा नियम आला कुठनं? १९३२ पासून अलाबामातल्या टस्कीगीला सरकारी डॉक्टरांनी सुमारे ६०० गरीब काळ्या माणसांवर पाळत ठेवली. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस. 'तुमचं रक्त खराब आहे' एवढंच त्यांना सांगितलं. पेनिसिलिन आलं तरी दिलं नाही. रोग माणसाला कसा खातो ते बघायचं होतं. १९७२ साली हे फुटलं. त्याच साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली, ब्लॅक पँथरच्या नावावरून. १९७९ च्या बेल्माँट अहवालात मग होकाराचं तत्त्व लिहिलं गेलं. ते कुणाच्या दयेतून आलं नाही. मढ्यांवरून आलं.

आता आमच्याकडं बघा. गावातल्या अत्याचाराबद्दल पोरगा फोनवर चार ओळी लिहितो. संशोधक त्या उचलतो. म्हणतो, उघड्यावर होतं म्हणून घेतलं. चौकात बोलणाऱ्याच्या खिशात हात घालता काय? नाव खोडलं म्हणता. अरे, वाक्य जसंच्या तसं छापलंत की ते शोधयंत्रात टाकून पोरगा घरासकट सापडतो. तुम्हाला पीएचडी मिळते, त्याला गावगुंड भेटतात.

२०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदाही माणसानं स्वतः जाहीर केलेली माहिती बाहेर ठेवतो, संशोधनाला अटींवर सूट देतो. कायद्याचं दार उघडं असेल. आमचं नाही.

आमच्या भाषेत विचारा. काय करणार, कुणाच्या पैशावर, ते सांगा. नाही म्हटलं तर गुमान परत फिरा. हो म्हटलं तर छापायच्या आधी आम्हाला वाचून दाखवा.

आम्हाला न विचारता आमच्यावर मनूनंही लिहिलं होतं. २५ डिसेंबर १९२७ ला महाडात त्या पोथीचं काय झालं, ते आठवा.