उरलेली रजा आणि जवळचा समुद्र

डिसेंबर उजाडला की कचेऱ्याकचेऱ्यांतून एक हिशेब सुरू होतो. वर्षभर हात राखून खर्च केलेल्या नैमित्तिक रजेचे किती दिवस शिल्लक आहेत, याची आस्थापना शाखेत चौकशी होते; आणि ‘तीन’ किंवा ‘चार’ असे उत्तर मिळाले की आनंदाऐवजी हळहळच अधिक वाटते. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्याला वर्षाकाठी ८ दिवसांची नैमित्तिक रजा मिळते. अर्जित रजेचे तसे नाही. ती १ जानेवारी आणि १ जुलै या दिवशी खात्यावर जमा होते आणि ३०० दिवसांपर्यंत साठवता येते. नैमित्तिक रजा मात्र पुढच्या वर्षात नेता येत नाही. ३१ डिसेंबरच्या रात्री वर्षाबरोबर तीही संपते.

मग या दिवसांचे होते काय? एक दिवस बँकेच्या खेपांत जातो, एक नळदुरुस्तीत. उरलेला वर्तमानपत्र दोनदा वाचण्यात. घरातील मुलांना आणि गृहिणीला वडील घरी आहेत एवढे कळते, पण सुट्टी आहे असे वाटत नाही.

या मासिकाचा मजकूर निरनिराळ्या भाषांत जात असल्यामुळे शब्दांची तुलना करण्याची सवय आम्हां भाषांतरकारांना जडलेली असते. ‘रजा’ हा शब्द अरबीतून आला. त्याचा मूळ अर्थ संमती, परवानगी. मराठीप्रमाणे गुजराती आणि कन्नड भाषांनीही तो आपलासा केला. हिंदीतील ‘छुट्टी’, बंगालीतील ‘छुटी’ आणि आपली ‘सुट्टी’ यांचे नाते मात्र सुटण्याशी आहे. तमिळमधील ‘विडुमुरै’ या शब्दातील ‘विडु’ म्हणजेही सोडणेच. रजा वरिष्ठांनी द्यावयाची असते आणि सुट्टी आपण घ्यावयाची असते, हा भेद या शब्दांतूनच दिसतो. आपल्यापैकी अनेकांच्या नावावर रजा पुष्कळ असते. सुट्टी मात्र वर्षानुवर्षे घडत नाही.

तेव्हा उरलेले तीन-चार दिवस या वर्षी समुद्राला द्यावेत, अशी या महिन्याची सूचना आहे. डिसेंबरात उत्तरेकडील डोंगर गारठलेले असतात. पश्चिम किनारा मात्र या दिवसांत सर्वांत प्रसन्न असतो. पावसाळ्यातील खवळलेपण ओसरलेले असते, आकाश निरभ्र असते आणि कोकण-गोव्याकडील समुद्राचे पाणी २७-२८ अंशांच्या आसपास, म्हणजे अंगाला सुखकारक असे असते. दिवसा समुद्रावरून खारे वारे येतात, रात्री जमिनीवरून मतलई वारे वाहतात. भूगोलाच्या पुस्तकातला हा धडा मुलांना येथे अंगावर अनुभवता येतो.

आयत्या वेळी ठरविलेला प्रवास फसतो तो बहुधा दिवस कमी म्हणून नव्हे, तर दिवसांपेक्षा बेत मोठा म्हणून. यासाठी पहिले काम दिनदर्शिका पुढे घेऊन बसण्याचे. नैमित्तिक रजेच्या मध्ये येणारे रविवार व सुट्ट्या रजेत मोजल्या जात नाहीत. २०२६ साली नाताळ शुक्रवारी येतो. ज्या कचेऱ्यांत आठवडा पाच दिवसांचा आहे, तेथे गुरुवार २४ आणि सोमवार २८ अशी दोनच दिवसांची रजा घेतली तर सलग पाच दिवस हाती येतात. एका वेळी पाच दिवसांहून अधिक नैमित्तिक रजा सामान्यतः देत नाहीत आणि ती अर्जित रजेला जोडताही येत नाही. मात्र रजा प्रवास सवलत नैमित्तिक रजेवर असतानाही घेता येते. तिच्यासाठी जाण्याचे ठिकाण आधी कार्यालयास कळवावे लागते, एवढे ध्यानात ठेवावे. खासगी आस्थापनांचे नियम निरनिराळे असतात. ते आजच विचारून घ्यावेत. शक्य असेल त्यांनी नाताळाच्या आधीचा आठवडा निवडावा. नाताळ ते नववर्ष या काळात गोव्यात गर्दी आणि दर दोन्ही चढलेले असतात.

दुसरा प्रश्न, कोणता समुद्र? येथे एकच नियम सांगावासा वाटतो : एका रात्रीच्या प्रवासात जो गाठता येईल तो आपला समुद्र. मुंबई-पुण्याच्या कुटुंबांना कोकण जवळ आहे. गणपतीपुळ्यासाठी रत्नागिरी, गुहागर-वेळणेश्वरसाठी चिपळूण, मालवण-तारकर्लीसाठी कुडाळ ही सोयीची स्थानके. बेंगळुरूच्या मराठी कुटुंबांना कारवारकडे जाणारी रात्रीची गाडी गोकर्ण किंवा होन्नावरजवळचे कासरकोड येथे नेईल. अहमदाबाद-वडोदऱ्याकडील मंडळींना वेरावळमार्गे दीव गाठता येते. तेथील घोघला किनारा स्वच्छ आणि शांत आहे. हैदराबादहून रात्रीच्या गाडीने विशाखापट्टणम आणि कोलकात्याहून पुरी, या दोन्ही वाटा सरळ आहेत. स्वच्छता आणि सुरक्षितता यांबद्दलचे ‘ब्लू फ्लॅग’ हे आंतरराष्ट्रीय मानचिन्ह २०२० साली भारतातील ज्या पहिल्या आठ किनाऱ्यांना मिळाले, त्यांत घोघला, कासरकोड, पुरी आणि विशाखापट्टणमजवळचे ऋषिकोंडा यांचा समावेश होता.

पूर्व किनाऱ्याविषयी एक सावधगिरी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचा काळ असतो आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावर ईशान्य मोसमी पाऊसही याच दिवसांत पडतो. निघण्यापूर्वी हवामान विभागाचा अंदाज अवश्य पाहावा. उंच लाटांचा इशारा हैदराबाद येथील भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्राकडून दिला जातो.

दिल्ली, इंदूर, जबलपूर किंवा नागपूर येथील वाचकांना हा नियम जरा कठोर वाटेल. परंतु चार दिवसांपैकी तीन गाडीत काढून एक दिवस समुद्र पाहण्यात मुलांचे हाल होतात आणि वडीलधाऱ्यांचा जीव थकतो. त्यांनी विमानाचा खर्च झेपत असेल तरच आता निघावे. अन्यथा अर्जित रजेतून आठ-दहा दिवस काढून फेब्रुवारीत जाण्याचा बेत आजच आखावा. अंदमान आणि लक्षद्वीप यांचे आकर्षण मोठे असले, तरी ती आयत्या वेळची स्थळे नव्हेत. अंदमानला चेन्नईहून जहाजाने जायचे तर सुमारे तीन दिवस लागतात, आणि लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकांनाही प्रवेश-परवाना घ्यावा लागतो.

तिकिटांचे काय? १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. ती वेळ टळली असेल तर ‘तत्काळ’चा मार्ग उरतो. गाडी आरंभस्थानकातून ज्या दिवशी सुटते त्याच्या आदल्या दिवशी, वातानुकूलित वर्गासाठी सकाळी १० वाजता आणि इतर वर्गांसाठी ११ वाजता ही विक्री उघडते. जुलै २०२५ पासून घरबसल्या तत्काळ तिकीट काढताना आधार-पडताळणी आवश्यक झाली आहे. ती आदल्या रात्रीच पुरी करून ठेवावी. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास पैसे परत मिळत नाहीत, म्हणून परतीची सोय आधी आणि जाण्याची नंतर, असा क्रम ठेवावा. कोकणात जाणाऱ्यांना एस. टी. चा आधार आहेच.

राहण्याची जागा एकच असावी. तीन दिवसांत तीन गावे पाहू म्हटले की सामान बांधण्यातच सकाळ जाते. कोकणात घरगुती निवासाची सोय गावोगावी आहे. गणपतीपुळे, तारकर्ली, वेळणेश्वर येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची निवासस्थानेही आहेत. जागा ठरविताना एक गोष्ट आवर्जून विचारावी : दोन वेळचे जेवण तेथेच मिळेल काय? गृहिणीच्या रजेची नोंद कोणत्याही कचेरीत नसते. किनाऱ्यावर जाऊनही तिने स्टोव्ह पेटवायचा आणि डबे भरायचे असतील, तर सहलीला गेले कोण, असा प्रश्न विचारावा लागेल. वाडीतल्या केळीच्या पानावर कोणीतरी वाढलेला गरम भात आणि सोलकढी, एवढ्यानेही तिची सुट्टी सार्थ होईल.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. समुद्राकडे जाताना त्याचे वेळापत्रक समजून घेतले पाहिजे. दिवसात दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते आणि भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. कोकणातील जुन्या माणसांचा यासाठी एक सोपा हिशेब आहे : तिथीची पाऊणपट करावी, म्हणजे पूर्ण भरतीची वेळ येते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण, म्हणजे तीन वाजता. अष्टमीला सहा वाजता. पौर्णिमेला सव्वाअकराच्या सुमारास. शुक्ल आणि कृष्ण या दोन्ही पक्षांना हिशेब तोच. त्यापुढे सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. हा अंदाज आहे, अर्ध्या-पाऊण तासाचा फरक पडू शकतो. आणि तो मुंबई-कोकणच्या किनाऱ्यापुरताच खरा मानावा. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण असते, अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान भरती. मोठ्या उधाणाच्या दिवशी मुंबईकडे भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत चार मीटरहून अधिक फरक पडतो. सकाळी ज्या खडकावर बसून मुलांनी शिंपले वेचले, तो दुपारी पाण्याखाली असतो. हरिहरेश्वराचा प्रदक्षिणामार्ग खडकांवरून, समुद्राच्या अगदी कडेने जातो. तो ओहोटीतच करावयाचा असतो, आणि तेही स्थानिकांना विचारून.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी रायगड जिल्ह्यातील मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याहून सहलीला आलेले १४ विद्यार्थी बुडून मृत्युमुखी पडले. तो पावसाळ्याचा दिवस नव्हता. समुद्र शांत दिसतो तेव्हाही त्याच्या पोटात ओढ असते, हे पालकांनी विसरू नये. लाटांनी किनाऱ्याकडे लोटलेले पाणी परत जाताना कधी कधी एखाद्या अरुंद पट्ट्यातून वेगाने आत जाते. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, फेस दिसत नाही; त्यामुळे नवख्या माणसाला तीच जागा पोहण्यास सुरक्षित वाटते. अशा प्रवाहात सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने झगडू नये. दम संपतो आणि माणूस बुडतो. किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडावे आणि मग लाटांबरोबर परतावे. पोहता येत नसेल तर तरंगत राहून हात वर करावा. बुडणाऱ्यामागे पोहता न येणाऱ्याने उडी घेऊ नये. दोर, रिकामा बंद डबा, जे तरंगेल ते त्याच्याकडे फेकावे, आरडाओरडा करून कोळी बांधवांना बोलवावे, आणि ११२ किंवा तटरक्षक दलाचा १५५४ हा क्रमांक लावावा. जीवरक्षक जेथे आहेत तेथे लाल-पिवळ्या निशाणांच्या मध्येच पाण्यात उतरावे. केवळ लाल निशाण असेल तर उतरूच नये. पुरीला शंकूच्या आकाराची टोपी घातलेले नुलिया कोळी स्नानार्थींचा हात धरून उभे राहतात, त्यांचे ऐकावे.

वाळूच्या वरच्या अंगाला जांभळ्या फुलांची एक वेल पसरलेली दिसते. तिचे पान शेळीच्या खुरासारखे दुभागलेले असते. तिला मर्यादवेल म्हणतात. मुलांना ती दाखवावी आणि बसण्याची चटई, चपला, आजीची खुर्ची हे सारे तिच्या अलीकडे ठेवावे.

किनाऱ्यावर करावयाचे काय, हा प्रश्न शहरातल्या माणसालाच पडतो. पहाटे रापण ओढली जात असेल तर पाहावी. अनुमती मिळाल्यास दोराला हातही लावावा. ओहोटीच्या ओल्या वाळूवर खेकड्यांनी काढलेली गोळ्यांची रांगोळी पाहावी. अकरा ते तीन या वेळात सावलीत झोप काढावी. रिकामे शिंपले चार घरी आणले तर बिघडत नाही. प्रवाळाला मात्र हात लावू नये, वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये तो संरक्षित आहे. टोप्या, सुती कपडे, वडीलधाऱ्यांची औषधे आणि मीठ-साखरेची पुडी एवढे सामान पुरे. कचेरीचे कागद घरी राहू द्यावेत, आणि भ्रमणध्वनी जेवणाच्या वेळेपुरताच उघडावा.

ज्या घरातील आजीने आयुष्यभर समुद्राची गोष्ट नातवंडांना सांगितली आणि स्वतः तो कधी पाहिलाच नाही, अशी घरे आपल्या देशात कमी नाहीत. पुढच्या वर्षी नक्की नेऊ, असे तिला दर डिसेंबरात सांगितले जाते. रजा दर जानेवारीला नव्याने मिळते. आजीचे गुडघे मात्र दर वर्षी थोडे अधिक थकतात.

तेव्हा, वाचकहो, रजेचा अर्ज या आठवड्यातच लिहावा. त्यात ‘कारण’ असा एक रकाना असतो आणि ‘खासगी काम’ असे तेथे लिहिण्याची जुनी रीत आहे. यंदा ‘आईला समुद्र दाखविण्यासाठी’ असे लिहून पाहावे. वरिष्ठ बहुधा सही करतील. कदाचित स्वतःच्या खात्यावर किती दिवस उरले आहेत, हेही ते शिपायाकडून मागवून घेतील.