एकाचा मान

गेल्या आषाढातील गोष्ट. लोंढ्यास पाऊस लागला की चार-चार दिवस सूर्यदर्शन घडत नाही. गणिताचे शिक्षक रजेवर होते; म्हणून मराठीचा मी खडू घेऊन आठवीच्या वर्गावर उभा राहिलो. ७२ चे पूर्ण वर्ग असलेले विभाजक शोधावयाचे होते. एका मुलीने चार लिहिले : १, ४, ९, ३६. मी १ वर फुली मारली. ‘एक काय, सगळ्यांनाच भागतो, त्याला कशाला मोजायचे?’ असे वर बोललोही. पोर हिरमुसून खाली बसली.

रात्री मनास रुखरुख लागली. कागद घेतला. ७२ = २×२×२×३×३. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ अवयव जोडीनेच येतो. दोनाची एक जोडी घ्यावी किंवा न घ्यावी. तिसरा दोन एकटा पडतो. तिनाची जोडी घ्यावी किंवा न घ्यावी. दोन दुणे चार मार्ग झाले. कोणतीच जोडी न घेतली तर उरतो तो १! एखादा अवयव चार वेळा आला असता, तर त्याचे मार्ग तीन झाले असते : एकही जोडी नाही, एक जोडी, दोन जोड्या. पण ‘एकही नाही’ हा मार्ग सोडला, तर सारा हिशेबच मोडतो.

देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) आठवले. पदव्युत्तर पदवी नसलेल्या या गृहस्थांची ६१७४ ही संख्या जगभर गेली. तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडून त्यातून चढता क्रम वजा करावा : ७६४१ – १४६७ = ६१७४. पुन्हा तीच! तिचेही अवयव पाडले : २×३×३×७×७×७. तिनाची एक जोडी, साताची एक. म्हणजे पूर्ण वर्ग विभाजक चारच : १, ९, ४९ आणि ४४१. ४४१ म्हणजे २१ चा वर्ग. यादीच्या आरंभी तोच १, मी फुली मारलेला!

दुसऱ्या दिवशी भरवर्गात सांगितले, ‘बाळ, तुझे बरोबर होते. चूक माझी.’

ती क्षणभर थांबली, मग म्हणाली, ‘गुरुजी, मग ३० ला कोण?’

३० = २×३×५. जोडी एकही नाही. ‘एकटा १,’ मी म्हणालो.

‘म्हणजे त्याला काढला, तर तिथे कोणीच नाही,’ ती म्हणाली.

वाचकहो, तीस वर्षे शिकवीत आलो. तरी आपण मारलेली फुली स्वतःच्या हाताने पुसावयास त्या सकाळी खडूपेक्षा डस्टर जड वाटले. पुसल्यावर मात्र वर्गातील मागच्या बाकावरचेही दोन हात वर आले.